हुनर हातात, नोंद कुठे?

गेल्या वर्षीची गोष्ट. रमजान दहा दिवसांवर आला होता. मिरजेत राहणाऱ्या आमच्या आपांनी एका नव्या घरासाठी बिस्मिल्लाहची फ्रेम रंगवून दिली होती. घरवाल्यांनी ती मोठ्या हौसेने दिवाणखान्यात लावली. दावतीला आलेले हाफिजसाहेब फ्रेमसमोर थांबले, जवळ जाऊन पाहिले आणि घरमालकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ही उतरवून ठेवा. आपांना एकदा दाखवा."

'रहीम' शब्दातल्या 'हे' अक्षराच्या बरोबर खाली एक सोनेरी टिकली पडली होती. वेलबुट्टीतली ती एक कळी. पण ज्यांना उर्दू-अरबी वाचता येते त्यांना पुढचे सांगायला नको. 'हे'खाली नुक्ता पडला की त्याचा 'जीम' होतो आणि 'रहीम'चे 'रजीम' वाचले जाते. एका शब्दाचा अर्थ मेहरबान, दुसऱ्याचा धिक्कारलेला. दुसरा शब्द आपण शैतानासाठी वापरतो.

आपा त्याच संध्याकाळी जाऊन फ्रेम घेऊन आल्या. दुसरी रंगवून दिली, पैसे घेतले नाहीत. घरवाल्यांनी एका शब्दाने बोलून दाखवले नाही, पण आपांना दोन दिवस जेवण गेले नाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच होती. ही चूक आधी एकदा सापडलेली होती! आदल्या वर्षी हाफिजसाहेबांनीच याच नमुन्यातली ती कळी दाखवली होती. आपांनी लगेच कळी सरकवून नवे ट्रेसिंग काढले होते. जुन्यातली वेलबुट्टी छान होती म्हणून ते फाडले नाही. दोन्ही ट्रेसिंग एकाच गुंडाळीत राहिली. कशावरही तारीख नाही, खूण नाही. घाईत हात नेमका जुन्यावर पडला.

"हात चुकला असता तर एवढे वाईट वाटले नसते," आपा म्हणाल्या. "कागद चुकीचा उचलला."

आपांचे कपाट

आपा गेली पंचवीस वर्षे रंगकाम करतात. एमडीएफच्या बोर्डावर खुशखत, निकाहची तबके, दारावरच्या नावाच्या पाट्या, ओढण्यांवर फॅब्रिक पेंटिंग. मोहल्ल्यात त्यांच्या हाताला नाव आहे. पण हे सगळे राहते कुठे, तर एका लोखंडी कपाटात आणि आपांच्या डोक्यात.

कपाटात पुस्तके होती. काही इंग्रजी, काही उर्दू खुशखताची, काही मराठी भरतकाम-रांगोळीची, ज्यांतल्या नक्ष्या आपा रंगात उतरवतात. त्यांतली तीन पुस्तके दोनदा विकत घेतलेली निघाली. ट्रेसिंगच्या गुंडाळ्या होत्या. रंगांच्या बाटल्या होत्या, त्यांतल्या काही सुकून दगड झालेल्या. फोनमध्ये हजारो फोटो होते. लग्नाच्या फोटोंमध्ये तबकाचे फोटो, तबकाच्या फोटोंमध्ये औषधांच्या चिठ्ठ्या.

आमच्या भाचीने, म्हणजे आपांच्या मुलीने, त्या दिवशी सांगितले, "अम्मी, हे सगळे कॉम्प्युटरवर घेऊ." ती अकरावीत आहे. आपांनी हात झटकला. "मला काय दुकान चालवायचे आहे? सगळे डोक्यात आहे माझ्या." थोड्या वेळाने आमच्याकडे पाहत म्हणाल्या, "तू शिकवतेस ना शाळेत, तूच सांग."

आम्ही काय सांगणार! आमच्या शाळेच्या कपाटाची अवस्था फार वेगळी नाही. तरी आम्ही तिघींनी दर रविवारी बसायचे ठरवले. तीन महिन्यांत 74 पुस्तके, 212 नमुने आणि 58 रंग नोंदवून झाले. ज्या घरात कुणी आपा, खाला, मामी अशी हाताने कमावते, त्या घराला उपयोग होईल म्हणून या कामात काय चुकले आणि काय जमले ते इथे लिहितो आहोत.

पहिली चूक

आम्ही सुरुवात फोनवरच्या एका तयार ॲपने केली. दिसायला सुंदर. पुस्तकाचे चित्र, रंगाचा ठिपका, सगळे होते. पन्नास नोंदी झाल्यावर त्याने पैसे मागितले. पैसे द्यायलाही हरकत नव्हती, पण भाचीने शोधले तेव्हा कळले की भरलेली माहिती बाहेर काढायची सोयच नाही. उद्या ॲप बंद पडले तर नोंदीही गेल्या. तीन रविवार फुकट गेले.

म्हणून पहिला नियम असा. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी पाहावे की आपली यादी त्यातून साध्या फाईलमध्ये बाहेर निघते का. या साध्या फाईलला सीएसव्ही म्हणतात आणि ती बहुतेक कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडते. जिथे माहिती आत जाते पण बाहेर येत नाही, तिथे आपले घर बांधू नये.

शेवटी आम्ही साध्या शीटवर आलो. कॉम्प्युटर असेल तर लिबरऑफिस कॅल्क, फोन असेल तर गूगल शीट्स. दोन्हींना पैसे लागत नाहीत. रकाने आणि ओळींच्या या कागदाचा इतिहासही शिक्षकांना आवडेल असा आहे. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांनी वर्गात पाहिले की फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की सरांना पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे काम यंत्राने करावे, या कल्पनेतून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत 1979 मध्ये व्हिसिकॅल्क हा प्रोग्रॅम आणला. आजची एक्सेल शीट त्याच घराण्यातली.

जनरल रजिस्टरचा धडा

दुसरी अडचण नावांची आली. "मोठ्या फुलाचा नमुना" म्हणजे कोणता? आपांना ठाऊक, भाचीला नाही. इथे मात्र आमची शाळा कामी आली.

शाळेत मुलाचा हजेरी क्रमांक दरवर्षी बदलतो. पण जनरल रजिस्टरचा नंबर एकदा मिळाला की बदलत नाही. मूल सातवीत जावो, शाळा सोडून जावो, वीस वर्षांनी दाखला मागायला येवो, तो नंबर त्याचाच. दुसऱ्या कुणाला तो मिळत नाही. आम्ही कपाटातल्या प्रत्येक वस्तूला असाच नंबर दिला. पुस्तकाला पु-1, पु-2. नमुन्याला न-1, न-2. रंगाला र-1. आणि प्रत्येक ऑर्डरला, म्हणजे कामाला, क-1. तोच नंबर पुस्तकावर चिठ्ठीने, ट्रेसिंगच्या कोपऱ्यात पेन्सिलने आणि बाटलीच्या बुडाला मार्करने लिहिला. शीटमध्ये नंबर आहे पण वस्तूवर नाही, तर ती शीट निरुपयोगी.

मग चार याद्या केल्या. सगळे एकाच यादीत कोंबायचा मोह टाळावा.

पुस्तकांच्या यादीत नाव, लेखक, भाषा, विषय, कपाटातला खण आणि कुणाला वाचायला दिले असे रकाने. शेवटचा रकाना विसरू नये. पुस्तके चोरीला जात नाहीत, मैत्रिणींकडे जातात.

नमुन्यांच्या यादीत नमुना कोणत्या पुस्तकातला, पान कोणते, मूळ कुणाचा, ट्रेसिंग कोणत्या गुंडाळीत, कधी काढले.

रंगांच्या यादीत कंपनीचे नाव, रंगाचे नाव, बाटलीवरचा क्रमांक, कधी उघडली, किती उरला. मिश्रण करून बनवलेल्या रंगाला स्वतःचा नंबर आणि त्याचे प्रमाण.

कामांच्या यादीत कोणता नमुना, कोणते रंग, कोणते ब्रश, बोर्डाचे माप, सामानाचा खर्च, लागलेले तास, घेतलेली रक्कम आणि फोटोचे नाव. फोटोचे नावही नंबरानेच ठेवतो. क-31 चा फोटो म्हणजे क-31.

आता आपांकडे कुणी येऊन म्हणाले की "दोन वर्षांपूर्वी आमच्या नणंदेला दिले तसेच तबक हवे," तर भाची फिल्टर लावते. काम सापडले की नमुना सापडतो, नमुन्यावरून पुस्तकाचे पान आणि गुंडाळी, आणि रंगाच्या नंबरांवरून बाटल्या. पूर्वी यात एक दुपार जायची.

तीन लिप्यांचे घर

आपल्या घरांची एक खास अडचण आहे. एक पुस्तक उर्दू, दुसरे मराठी, तिसरे इंग्रजी. शोधायचे कशात?

आम्ही पुस्तकाचे नाव छापले आहे त्या लिपीत एका रकान्यात लिहिले आणि शेजारच्या रकान्यात देवनागरीत. शोध नेहमी देवनागरीत घ्यायचा. उर्दूत शोधताना एक गंमत अनुभवली. समोर दिसणारे पुस्तक शोधात सापडेना. कारण अरबी कीबोर्डवरचा 'काफ' आणि 'ये' वेगळे, उर्दू कीबोर्डवरचे वेगळे. डोळ्याला जवळजवळ सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती स्वतंत्र अक्षरे आहेत. एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्याने शोधला तर तो "नाही" म्हणतो. म्हणून घरात उर्दूसाठी एकच कीबोर्ड ठरवून टाकावा.

मराठीतही आपा 'फिरोजी' म्हणतात, भाचीने कुठे 'फिरोझी' लिहिले, आम्ही 'फिरोज़ी'. तिन्ही कॉम्प्युटरला वेगळे रंग वाटले. यावर उपाय म्हणजे ड्रॉपडाऊन. ठरलेल्या नावांची छोटी यादी करून ठेवायची आणि टाईप न करता त्यातून निवडायचे.

ज्यांच्याकडे नवी पुस्तके जास्त आहेत त्यांचे काम सोपे. मागच्या पानावरचा 13 आकडी आयएसबीएन (2007 पूर्वी तो 10 आकडी होता) फोनने स्कॅन केला की लायब्ररीथिंगसारखी ॲप नाव-लेखक स्वतः भरतात. पीडीएफ पुस्तकांसाठी कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये तो सुरू केला. पण आपांच्या कपाटातल्या जुन्या उर्दू पुस्तिकांवर आयएसबीएन नव्हताच. त्या हातानेच लिहाव्या लागल्या.

हाताने लिहिताना आम्हाला इब्न अल-नदीम आठवले. दहाव्या शतकातल्या बगदादचे हे ग्रंथविक्रेते. त्या काळी अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची विषयवार यादी त्यांनी हिजरी 377 मध्ये, म्हणजे इसवी सन 987-88 च्या सुमारास, 'अल-फिहरिस्त' या नावाने दहा भागांत लिहिली. त्यांतली कितीतरी पुस्तके पुढे नष्ट झाली. ती कधीकाळी लिहिली गेली होती हे आज कळते ते या यादीमुळे. म्हणजे यादी करणे हे आपल्या परंपरेत परके काम नाही.

अमानतीचे रकाने

बाजारातल्या कोणत्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला सापडले नसते असे तीन रकाने आम्ही घातले.

पहिला, "तपासले कोणी". ज्या नमुन्यात आयत, दरूद किंवा अल्लाहचे नाव आहे, त्याच्या नोंदीत सूरह व आयतीचा क्रमांक आणि हाफिजसाहेबांनी तपासल्याची तारीख. हा रकाना रिकामा असेल तर ती ओळ आपोआप लाल होते. लाल ओळीचा नमुना रंगवायचा नाही, ऑर्डर कितीही घाईची असो. आणि नमुना दुरुस्त केला की त्याला नवा नंबर मिळतो. जुन्यापुढे शेरा येतो, "रद्द". न-17 रद्द झाला, न-18 आला. न-17 चे ट्रेसिंग आता वेगळ्या पाकिटात आहे आणि त्यावर लाल फुली आहे.

दुसरा रकाना, "मूळ कुणाचे, परवानगी आहे का". पुस्तकातला नमुना घरी शिकण्यासाठी उतरवणे वेगळे आणि त्यावर धंदा करणे वेगळे. काही लेखक पुस्तकातच लिहितात की इतक्या वस्तू विकायला हरकत नाही, काही सक्त मनाई करतात. ते पान वाचून नोंदवावे. अख्ख्या पुस्तकाचे फोटो काढून ग्रुपवर टाकणे तर सरळच दुसऱ्याच्या मेहनतीवर हात मारणे आहे. आपल्या देशात 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, आणि कायद्याच्या आधी हक्कुल-इबाद आहे.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकांची. त्यांची नावे, पत्ते, फोन नंबर आम्ही वेगळ्या फाईलमध्ये ठेवले. ती फाईल फक्त आपांकडे असते. नमुन्यांची यादी मैत्रिणींना दाखवता येते, पण कुणाच्या घरी काय गेले आणि किती पैशांत गेले, ही त्या घराची अमानत आहे.

हिशोब बोलू लागला

आपांना सगळ्यात मोठा धक्का कामांच्या यादीने दिला. एका फ्रेमला सामान 410 रुपयांचे, काम 14 तासांचे, आणि घेतले 900. भाचीने वजाबाकी आणि भागाकार करून दाखवला. तासाला 35 रुपये. आपा बराच वेळ शीटकडे पाहत राहिल्या. "आणि लोक म्हणतात, आपा घासाघीस करू देत नाहीत," एवढेच म्हणाल्या.

त्यांनी दर वाढवले. दोन गिऱ्हाइके गेली, बाकीची राहिली. आगाऊ रक्कम आणि उधारीही आता त्याच दिवशी लिहिली जाते. सूरह बकराची 282 वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत. ती मुदतीच्या देण्याघेण्याविषयी आहे आणि व्यवहार लहान असो की मोठा, तो लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये असे ती शिकवते. आपण ती तिलावत करतो आणि उधारी मात्र तोंडी ठेवतो. नात्यात लिहायचे कसले, असे म्हणतो आणि पुढे त्याच नात्यात कडवटपणा येतो.

शीटमध्ये न मावणारे

एक गोष्ट सॉफ्टवेअर करू शकत नाही. ते रंग सांभाळू शकत नाही. फोटोतला रंग फोन बदलला की बदलतो, बल्बखाली वेगळा दिसतो. ॲक्रिलिक रंग तर वाळल्यावर थोडा गडद होतो. म्हणून आम्ही जाड पांढऱ्या कागदाचे तुकडे कापले, प्रत्येक रंगाचा एक पट्टा त्यावर ओढला, वाळू दिला आणि मागे र-नंबर लिहिला. ही चळत बुटाच्या खोक्यात आहे. शीट आणि खोके मिळून आमचे सॉफ्टवेअर पूर्ण होते.

आणि नक्कल! फाईल फोनवर एक, कॉम्प्युटरवर एक आणि तिसरी आमच्या घरी पेनड्राइव्हवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी नक्कल. गूगलच्या मोफत खात्यात 15 जीबी जागा मिळते, पण ती मेल आणि फोटो मिळून असते. फोटो फार झाले की भरते. सहा महिन्यांतून एकदा कागदावर छापूनही ठेवतो, कारण आपांना कागदच वाचायला आवडतो.

आता त्या पहिल्या नंबराविषयी. रंगांची यादी करायला बसलो तेव्हा आपा म्हणाल्या, "र-1 मोकळा ठेव." आम्हाला लगेच कळले. आमच्या अम्मी लाकडी रेहल रंगवायच्या. त्यांचा एक हिरवा होता. ना पोपटी, ना शेवाळी. आमच्या घरात त्याला 'अम्मीचा हिरवा'च म्हणतात. अम्मींनी तो कधी लिहून ठेवला नाही. विचारले की म्हणायच्या, "अंदाजाने." अम्मी गेल्या तो अंदाजही घेऊन गेल्या. त्यांच्या हातची एक रेहल आपांकडे आहे. तेवढीच.

आपा अनेक वर्षे अधूनमधून तो रंग बनवून पाहायच्या आणि जमला नाही की ओतून द्यायच्या. काय घातले होते ते विसरून पुढच्या वेळी तेच पुन्हा. आता र-1 च्या पुढे ओळी आहेत. पहिला प्रयत्न, दुसरा, तिसरा. प्रत्येकात किती भाग हिरवा, किती पिवळा, किती काळा, आणि शेरा. पट्टा वाळला की दिवसाच्या उजेडात खिडकीत रेहलशेजारी धरायचा. चौथ्या प्रयत्नात भाचीने सुचवले म्हणून काळ्याऐवजी चिमूटभर तांबडा घातला.

सहाव्या प्रयत्नापुढे आपांनी स्वतःच्या हाताने, एका बोटाने टाईप करत, शेरा लिहिला आहे, "जवळ आला. पिवळा थोडा कमी करून पाहणे."

वाचक भगिनींनो, तुमच्या घरातही असा एखादा अंदाज कुणाच्या तरी हातात असेल. रंगाचा असेल, बिर्याणीच्या मसाल्याचा असेल, जरीच्या टाक्याचा असेल. येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा. कॉम्प्युटर नसला तर वही चालेल. नंबर मात्र घाला, आणि तारीख लिहा. अल्लाहने दिलेले हुनर ही अमानत आहे, आणि अमानत पुढच्याच्या हाती पोचवावी लागते.

सातवा प्रयत्न या रविवारी आहे, इन्शाअल्लाह.